बेहिशेबी पाणी

हुद्दारबाईंनी टॅब दिला,
त्यात बेळगाव कोरं होतं.
"खासबाग ते वडगाव, जमिनीखालचं सगळं भरा.
व्यास, खोली, पाइप घातल्याचं साल.
नकाशावर कंपनी ठरेल,
कंपनीवर पाण्याचा दर."

जमिनीखालचं ऑफिसात कुणालाच ठाऊक नव्हतं.
ठाऊक होतं शट्टुप्पाला.
एकतीस वर्षं वॉलमन, त्यातली बावीस रोजंदारीवर.
खांद्यावर चावी, माझ्या छातीएवढी उंच,
मूठ घासून घासून चांदीची झालेली.

"हितं चिंच हुती. चिंचेपास्नं सात पावलं,
मग कोष्ट्याच्या दाराकडं तोंड करायचं."
चिंच नव्हती.
कोष्टी माग विकून हुबळीला गेलेला.
शट्टुप्पानं तोंड मात्र तिकडंच केलं
आणि पहार घातली.
खण्ण.
टॅब विचारत होता, संदर्भबिंदू कोणता?
खांब, चौक, सरकारी इमारत, इतर.
मी 'इतर' दाबलं.
त्या दिवशी मी चौदा वेळा 'इतर' दाबलं.

सुनावणीला अहवाल कानडीतनं.
त्याचं मराठी करायचं माझ्या गळ्यात,
तेही तोंडी; कागदावर नको, असं वरून आलेलं.
"शंभरातलं अडतीस लिटर पाणी
महसूल देत नाही," मी म्हणाले.
मागून मल्लवा ओरडली,
"पाणी कुठलं देतंय महसूल? आमी देतोय की!"
सगळे हसले. हुद्दारबाईही हसल्या,
मग पुढची स्लाइड लावली:
नळाखाली घागर, पितळेची,
इतकी लखलखीत की कधी भरलेलीच नसावी.

त्या अडतीसातलं थोडं मी पाहिलंय.
टाकीमागच्या फुटक्या जोडाशी
अळू माजलाय कमरेएवढा.
मल्लवा तिथलीच पानं खुडून शनिवारी बाजारात बसते.
जोडाशी कुणीतरी अर्धं टायर मांडलंय,
त्यात म्हशी पितात, कावळे अंघोळ करतात,
आणि दुपारी गवंड्यांची पोरं तोंड धुतात.
"ही गळती तुम्हाला माहीत होती?"
"गळती?" शट्टुप्पा म्हणाला,
"हां. तीबी हाय."

पण मेहरुन्निसा उभी राहिली तेव्हा
आम्ही दोघांनीही मान खाली घातली.
गल्लीतलं शेवटचं घर तिचं.
आठवड्यातनं एकदा, पहाटे साडेतीनला,
करंगळीएवढी धार.
नर्सिंगचं पुस्तक घागरीवर ठेवून वाचते.
"चोवीस तास आलं तर," ती म्हणाली,
"मी झोपीन."
एवढंच बोलून बसली.
शट्टुप्पा पुटपुटला,
"कितीबी फिरवलं तरी तिथवर रेटा पोचत न्हाई गं,
काय करूलालोय मी तरी?"

मग मीटर आले, निळ्या टोपीचे.
पाण्याआधी नळातनं हवा येते
आणि मीटर हवेवरही फिरतं,
हे मल्लवानं पहिल्या बिलाआधीच ओळखलं.
ती कानडीत भांडली, मराठीत शिव्या दिल्या.
तक्रार क्रमांक दोन्हीला एकच मिळाला.

टॅबमध्ये टाकीमागच्या ठिकाणी प्रश्न होता:
गळती: आहे / नाही.
मी बराच वेळ अळवात उभी राहिले,
चपला भिजेपर्यंत.
मग 'आहे' दाबलं.
होतीच ना.

महिनाअखेर शट्टुप्पानं स्टोअरमध्ये चावी जमा केली.
पावती कानडीत. माझ्यापुढं धरली.
"काय लिव्हलंय?"
"लोखंडी चावी, एक."
"आनि?"
"तारीख."
त्यानं पावतीची घडी केली, पुन्हा एक घडी केली,
खिशात घातली.

फाटकापर्यंत तो पावलं मोजत गेला.
ओठ हलत होते.
किती झाली ते सांगितलं नाही,
मीही विचारलं नाही.
नकाशा सकाळीच पाठवून झाला होता.